नोंद आढळत नाही

रात्रीचे पावणेबारा. मरोळ.
हॉटेलचं नाव सागर-दर्शन,
खिडकीतून दर्शन होतं ते मेट्रोच्या खांबाचं,
खांबावर आकडा, एकशे चौदा.
काउंटरवरची मुलगी, छातीवर पाटी, ग्लेनिस,
तीनदा यादी वरखाली करून म्हणाली,
"काका, तुमच्या नावाची एन्ट्रीच नाही."

मी पेडामकर. दत्ताराम गोविंद.
चौतीस वर्षं तालुक्याच्या अभिलेख कक्षात.
हे वाक्य माझं आहे, पोरी.
गजांच्या खिडकीतून किती जणांच्या हातावर ठेवलं असेल
प्रसादासारखं,
मान वर न करता.

आता मीच फोन पुढे धरून उभा.
हे बघा, पैसे कापले. चार हजार दोनशे अठरा.
हे बघा हिरवी खूण. हे बघा, अभिनंदन लिहिलंय.
ती म्हणाली, पैसे वेबसाइटकडे, आमच्याकडे काही आलं नाही.
वेबसाइट म्हणाली, हॉटेलला विचारा.
म्हणाली म्हणजे, आधी बासरी वाजवली,
मग एक दाबा, मग चार दाबा,
आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे,
पुन्हा बासरी.
शेवटी कुठूनसा एक पोरगा आला, झोपेतला आवाज,
"सर, चोवीस ते बहात्तर तासांत."
आम्ही म्हणायचो, पुढच्या सोमवारी या.

कुंदा सोफ्यावर. मांडीवर कागदांची पिशवी,
लग्नाचा दाखला, घरपट्टी, बँकेचे शिक्के.
सकाळी आठला बीकेसीत
व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचेत,
नातू अजून फक्त काचेतून पाहिलेला.
ती काही बोलली नाही.
ती बोलत नाही तेव्हा मला फार ऐकू येतं.

उदाहरणार्थ, शिवगणबाई.
नवऱ्यामागे वारस नोंद करायची होती, एवढंच.
दोन एसट्या बदलून यायची, पिशवीत डबा,
चार वेळा आली.
तिच्या अर्जात शिवगण, आमच्या दप्तरात शिवगन.
मी म्हणालो, हा इसम वेगळा.
ती म्हणाली, साहेब, इसम एकच होता हो,
मी त्याच्याबरोबर एकतीस वर्षं राहिले.
मी म्हणालो, तसा पुरावा जोडा.
पुढे माझी बदली झाली.
तिचं काय झालं, ते कुठल्याच वहीत नाही.

"थांबा हं काका," ग्लेनिस म्हणाली,
"चुकीचं लिहून बघते."
आणि तिने माझं नाव चुकवायला घेतलं.
पदमकर. पेडणकर. पेंढारकर.
मग दत्ता वेगळा, राम वेगळा.
मग कुंदाच्या नावाने, मग नुसत्या फोन नंबराने.
मी बघत राहिलो.
चौतीस वर्षांत
मी एकदाही चुकीचं लिहून शोधलं नव्हतं.

नाही सापडलं.
सव्वाबाराला तिने खालच्या कप्प्यातून
लांबडं रजिस्टर काढलं, लाल कापडी पाठीचं,
ते बघून मला उगाच बरं वाटलं.
"दुसऱ्या मजल्यावर एक रूम आहे, एसी बंद आहे,
आम्ही देत नाही कुणाला.
मॅनेजर साडेसहाला येतो.
आंटी, सहाला उठाल ना?"
कुंदा म्हणाली, "मी पाचलाच उठते गं."
त्या रात्रीचं तिचं पहिलं वाक्य.

पैसे किती, विचारलं.
ती म्हणाली, चहा घ्या खाली उतरलात की,
त्याचे वीस होतात.

उलटं वाचणं ही आमची जुनी विद्या.
टेबलापलीकडून मी वाचलं, तिने लिहिलं होतं,
श्री. दत्ताराम पेडणेकर व सौ.
जीभ टाळ्याला लागली होती, मॅडम, दुरुस्ती...

मग मी पेन घेतलं
आणि पेडणेकरांच्या समोर
सही केली.