वरातीमागचं घोडं

ग्रिम्सबीत फ्रीमन स्ट्रीटच्या मागे माझं दुकान.
पाटीवर अजून 'रेडिओ' आहे, दुरुस्तीला मात्र
येतात केटल, श्रवणयंत्रं, कुणाची तरी विजेची चादर.
आणि वर्षातून दोनदा कॉलिन थर्स्बी,
बाबागाडीत ॲम्प्लिफायर बसवून,
पट्टा नीट लावलेला.

"गुरगुरतोय," तो म्हणतो.
मी मागची फळी काढतो. चार काचेच्या नळ्या,
एक काळवंडलेली. आत माशांचा वास,
सत्त्याहत्तर सालचा.

तेव्हा हे चौघे बर्फाच्या कारखान्यात होते.
कॉलिन, बेसवर नेव्हिल ड्रुरी, ड्रम बडवणारा बार्नी लीक,
आणि गाणारा रॉइस, ज्याचा आवाज
गोदीच्या भोंग्याला उलट उत्तर द्यायचा.
बँडचं नाव स्लॅक वॉटर:
भरती संपलेली, ओहोटी लागलेली नाही,
पाणी नुसतं उभं, त्या घटकेचं नाव.
कुणीतरी सांगायला हवं होतं, असं नाव ठेवू नये.

ट्रॉलर आइसलंडला जायचे बंद झाले, बर्फ कुणाला लागेना,
त्याच सुमारास ह्यांची एकुलती एक तबकडी निघाली.
पाचशे प्रती. मागच्या बाजूला एकच गाणं, चौदा मिनिटांचं.
लंडनहून एक माणूस आला होता, कोटाला सेफ्टी पिन.
घड्याळाकडे बघत ऐकलं त्याने. म्हणाला,
पोरांना आता दोन मिनिटांची गाणी लागतात,
केस कापा, आणि जरा वाईट वाजवायला शिका.
बार्नीने प्रयत्न केला म्हणे.
जमलं नाही.

पाच वर्षं आधी आले असते तर!
असं सगळेच म्हणतात. पाच वर्षं आधी
बार्नी चौदा वर्षांचा होता.

मी त्यांना ऐकलं ब्याऐंशीत, मच्छीमारांच्या क्लबात,
बिंगोच्या दोन डावांच्या मध्ये.
फ्यूज उडाला म्हणून मला बोलावलेलं.
मिरजेत आमचे वडील तंबोऱ्याची जवारी काढायचे,
घोडीवर दोरा सरकवत, कान लावून, तास तास,
तारेला ती झिणझिण येईपर्यंत.
मला वाटायचं, ते सगळं मी मागे सोडून आलो.
फ्यूज बसवला. कॉलिनने एक तार दाबली, वर ओढली,
कोमल गंधार सुटला, शुद्धाला पोचला नाही,
अधेमध्ये कुठेतरी थरथरत राहिला
जिथे पेटीला पट्टीच नाही,
आणि त्या खोक्यातून जवारी आली.
खरीखुरी. मी पकड हातात धरून उभा.
मग माइकवर कुणीतरी ओरडलं,
दोन जाड्या बाया, अठ्ठ्याऐंशी!

रॉइस गेला. नेव्हिल स्पेनला. बार्नीचे गुडघे.
कॉलिन वाजवतो एकटाच, गॅरेजात,
शेजारीण टीव्ही मोठा करेपर्यंत.

एकदा त्याला आमच्याकडची म्हण सांगितली,
वरातीमागून घोडं:
नवरा गेला, वाजंत्री गेले, मांडव सोडताहेत,
आणि हे आपलं सजूनधजून टापा टाकत येतंय.
तो हसला, खोकेपर्यंत हसला,
मग खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं म्हणाला,
"पण घोडं चांगलं होतं का?"

मी नवी नळी बसवली. बटण दाबलं.
ह्या जुन्या यंत्रांचं लगेच काही होत नाही,
लाली चढेपर्यंत थांबावं लागतं,
अर्धा मिनिट, थंडीत जास्त.
आम्ही दोघे वाकून बघत होतो, डोक्याला डोकं लागेल इतके.
"होतं," मी म्हटलं.
पण तेवढ्यात कर्णा जागा झाला,
त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

पैसे द्यायचे राहिले, म्हणून संध्याकाळी
दाराशी एक हॅडॉक ठेवून गेला, कागदात गुंडाळलेला,
वर बिलाची रक्कम, पेन्सिलीने.
मासा थोडा जास्तच भरला.