राखाडी ‘होय’

सोमवारी सकाळी, कुणी सांगितलं नसताना,
मी यादी साफ करायला घेतली.
ओझुर्गेतीचं पाणीपुरवठा कार्यालय, दुसरा मजला,
हेझलनटच्या टरफलांनी भरलेला माझा खण,
आणि पडद्यावर त्यांची नावं
ज्यांना या यंत्रात सगळं करता येतं.

तेमुरी : बातुमीला गेला, जहाजावर. काढला.
लियाना : लग्न, मग पोलंड. काढली.
उशांगी : निवृत्त, एकोणीस वर्षांनंतर.
इथे बोट जरा थांबलं.
काढले.

उरलं एकच नाव, माझं.
कुठेतरी वाचलं होतं, की शहाण्या माणसाने
रोजच्या कामाला एवढा अधिकार अंगावर घालून बसू नये.
कणीक मळताना अंगठी काढून ठेवतात,
तशी मी काढून ठेवली.
कुठे, ते पाहिलं नाही.

दुपारी मीटरचा प्रोग्राम तास चुकवू लागला.
घड्याळ बदलायला गेले, तर एक चौकट :
प्रशासकाची परवानगी लागेल.
पासवर्ड लिहायला जागाच नव्हती.
‘नाही’ ठळक. ‘होय’ राखाडी.
बंद पडलेल्या लिफ्टचं बटण दाबतात
तशी मी त्या राखाडीवर दाबत राहिले,
उगाच, जोरात.

हात दाखवून अवलक्षण.
खुर्ची माझी, खणातली टरफलं माझी,
यंत्र रोजच्यासारखंच म्हणतंय, नमस्कार, नाझिब्रोला,
आणि एक खिळा ठोकायचा म्हटलं
की मी पाहुणी.

एक तारखेला चार हजार घरांची बिलं.
त्बिलिसीला फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला,
सगळं पुसा, नव्याने टाका.
एकोणीस वर्षं पुसा,
असं तो म्हणाला, तोंडात घास असताना.

मग तो फोन केला, जो करायचा नव्हता.

उशांगी सहाला आले, जिना दोनदा थांबून.
पेनड्राइव्ह काडेपेटीत. बोटं आता
आल्याच्या गड्ड्यासारखी.
आम्ही गुरियाची माणसं शब्दावर शब्द चढवून बोलतो,
ते काहीच बोलेनात. मग मीच :
तुमचं नाव मी काढलं. आज सकाळी.
“जूनपासून बघतोय,” म्हणाले, “कुणाच्या लक्षात येतंय का.”

काळा पडदा, पांढरी अक्षरं.
एका फाइलच्या जागी त्यांनी दुसरी बसवली
आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.
नाव विचारणाऱ्या पडद्यापाशी, आत न जाता,
शिफ्ट दाबली. पाच वेळा.
“ही सोय,” म्हणाले, “ज्यांना दोन कळा
एकदम दाबता येत नाहीत, त्यांच्यासाठी.
असल्या हातांसाठी.”
आणि हात दाखवला,
जणू मी पाहिलाच नव्हता.

काळी खिडकी उघडली, उंबऱ्याबाहेरच,
आणि काय हवंय ते नोकरासारखं विचारू लागली.
दोन ओळी. एका बोटाने.
प्रत्येक अक्षर दारावर वेगळं ठोठावल्यासारखं.
खाली गॅरेजवाल्याने शटर ओढलं तेव्हा
माझं नाव यादीत होतं.

मी घड्याळाकडे धावणार, तर म्हणाले, थांब.
आधी ती सोय जागेवर ठेवू.
नाहीतर उद्या एखादा खरंच मदत मागेल
आणि त्याच्यापुढे हे काळं भोक उघडेल.
पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा तो सगळा खटाटोप,
अर्धा तास, ज्याचा कुणी हिशेब मागितला नसता.

एक जादा नाव हवं, ते म्हणाले, अडीअडचणीला.
तुमचंच ठेवते.
नको. ‘शेजारी’ ठेव.
हेझलनट फोडत होते, फुटेना.
मी फोडून दिलं, त्यांच्याकडे न बघता.

शेजाऱ्याचा पासवर्ड त्या काडेपेटीत आहे.
काडेपेटी कुठे आहे, सांगणार नाही.
पण या वेळी ठेवताना
पाहिलंय.