एका कान्याचा फरक

बिजलीवीर आता कुणालाच नीट आठवत नाही.
पोशाख पिवळा होता की नारिंगी, यावरसुद्धा एकमत नाही.
पण गप्पराव म्हटलं की
सांगलीच्या स्टेशन चौकात, भेळेच्या गाड्याजवळ,
तिशी ओलांडलेली चार माणसं
हातातले चमचे थांबवतात.

हिंदीत त्याचं नाव सन्नाटा.
सन्मती मगदूमच्या धाकट्या बहिणीनं त्याचा गप्पराव केला
आणि तेच टिकलं.
उंच, करडा कोट, एका कानावर पट्टी,
काखेत बरण्यांची पेटी.
शहरात यायचा, झाकण फिरवायचा,
की घंटा हलायची पण वाजायची नाही,
कुत्रं भुंकायचं नुसतं जबड्यानं.
आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.
आवाज वाढायचा नाही,
कारण नव्हताच.

"तो व्हिलन नव्हताच," यासीन म्हणतो.
"एकोणिसावा भाग आठवा की.
सतरा वर्षं भोंग्याखाली नोकरी,
कान गेला तर मालकानं काय दिलं? छत्री."
छत्री हा शब्द तो दोनदा म्हणतो.

यासीनचे अब्बा मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढायचे.
शेवटी शेवटी वरचे सूर त्यांना लागेनात,
मग भोपळ्याला गाल टेकवून
हाडानं ऐकायचे.
हे यासीन सांगत नाही.
आम्हाला माहीत आहे,
म्हणून मधे कुणी बोलत नाही.

फक्त प्रज्वला बोलते.
"आणि त्या बाळाचं रडणं चोरलं ते?
आई शेजारच्या खोलीत भाजी निवडतेय,
बाळ तोंड उघडून नुसतं लाल होतंय.
मी आठवडाभर दिवा घालवू दिला नव्हता."
आता ती सिव्हिलला नवजात विभागात रात्रपाळी करते.
जी रडत नाहीत त्यांच्या तळव्यांवर टिचक्या मारते.
"छत्रीनं हे फिटत नाही," ती म्हणते,
आणि तिखट अजून मागून घेते.

गप्प आणि गप्पा,
एका कान्याचा तर फरक.
आमच्या अख्ख्या वर्गाची मैत्री त्या कान्यावर उभी आहे.

शेवटचा भाग लागला तेव्हा भारनियमनाचे दिवस.
आमच्या गावभागात पाच वीसला लाइट गेली:
गप्पराव पुलावर, हातात शेवटची बरणी.
विश्रामबागेत साडेपाचला: बरणी कठड्यावर.
हरिपूरला सकाळपासूनच नव्हती.
हिरोचं नाव बिजलीवीर, आणि बिजलीच नाही,
यावर हसायलाही आम्हाला नंतर सुचलं.

सन्मती मात्र कुपवाडला मामाकडे होता,
कारखान्यांच्या लाइनीवर.
दुसऱ्या दिवशी मैदानात त्यानं शेवट सांगितला,
माणशी एक भडंगाची पुडी घेऊन:
गप्परावानं पट्टी सोडली,
सगळ्या बरण्या एकेक करून
त्या मेलेल्या कानाशी उघडल्या,
आणि शहराला त्याचं त्याचं परत मिळालं.
मग तो छत्री उघडून निघून गेला. ऊन होतं.

वीस वर्षं आम्ही हाच शेवट धरून भांडलो.
आज भेळ संपता संपता
सन्मती कागदाच्या घड्या घालत म्हणाला,
"मी पण नाही बघितला रे.
मामानं हळदीचे भाव बघायला चॅनेल बदललं."

प्रज्वलानं त्याला जी शिवी दिली
ती नर्सच्या तोंडी शोभणारी नव्हती.
मी पुड्यांचा हिशेब मांडू लागलो.
यासीन मात्र गाड्याच्या गॅसबत्तीकडे बघत राहिला.

"मी हे अब्बांना सांगितलेलं," तो म्हणाला.
"दवाखान्यात. पाटीवर लिहून.
त्यांनी सगळं वाचलं
आणि एकच विचारलं, बरण्या किती होत्या."

भेळवाला कांदा चिरत होता.
सन्मतीनं कागदाची शेवटची घडी घातली.
"मग? तू किती सांगितल्यास?"

"चाळीस."

"बरोबर," सन्मती म्हणाला.
"चाळीसच होत्या."