मागची झडप

काच पूर्ण वर घेतली की दार लागत नाही.
सहा महिने हेच सांगते आहे सगळ्यांना.
लागतं, पण पहिल्या झटक्यात नाही;
शेवटच्या बोटभर अंतरावर
आतून कुणीतरी तळहात लावल्यासारखं परत येतं.
मग मी आपटते,
आणि मागे ट्रेमधली नऊशे अंडी
एकदम श्वास रोखतात.

धारबांदोड्याहून फोंड्याला, रोज पहाटे.
पंखा चारवर ठेवला तर कानाला दडे,
एकवर ठेवला तर काचेवर धुकं,
बंद ठेवला तर खांडेपारच्या पुलापर्यंत
पाठ सीटला शिवल्यासारखी.
म्हणून माझ्या बाजूची काच बोटभर उघडी, बारा महिने.
उजवा खांदा त्यामुळे डाव्याच्या आधी म्हातारा होतोय.

नवरा म्हणाला, दाराचं रबर.
रबर बदललं. चौदाशे रुपये.
दार आणखी हट्टी झालं.
जाऊबाईंचा भाऊ म्हणाला, एसीचा गॅस.
भरला. आता दडे गार बसू लागले.

उसगावच्या तिस्कावर सांतानचं गॅरेज, ओवळीखाली.
त्यानं बॉनेट उघडलं, वायपरखालच्या जाळीतून
मूठभर सुकी फुलं काढली.
"झाडाखाली लावता गाडी?"
मी त्याच्या झाडाकडे पाहिलं.
मग त्यानं फिल्टर काढला.
फिल्टर कसला, चिऱ्याचा तुकडा.
नवा घातला. वारा दुप्पट झाला.
आणि दार? आता तर लागेचना.

सांतान गप्प झाला.
शेजारच्या गाड्यावरून एक उदबत्ती मागून आणली,
माझ्या हातात दिली. आत बसा. काचा वर. पंखा चार.
धूर समोरच्या जाळीपाशी हलला,
आरशाजवळ वळला,
माझ्या डोक्यावरून मागे गेला
आणि तिथे, सीटच्या पाठीशी,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा उभा राहिला.

"वारें भितर येता," सांतान बाहेरून ओरडला,
"पूण भायर खंयच्यान वतलें?"

सीट पुढे ओढली. मागच्या पत्र्यात
दोन रबरी पापण्या असतात म्हणे,
आत दाब वाढला की बाहेर उचलल्या जाणाऱ्या.
तिथे कापड होतं.
ठासून. वर चिकटपट्टी, तिच्यावर आणखी चिकटपट्टी.
पक्कडीनं ओढलं तसा एक पंचा निघाला,
दुसरा पंचा,
मग फ्लॅनेलचं दुपटं.
सगळ्यांचा रंग एकच. खाणीचा.

माझ्याआधी गाडी फटी वेळीपाची.
खाण चालू होती तेव्हा सुपरवायझरांना न्यायचा,
आणि रात्री-अपरात्री स्वतःच्या पोरीला फोंड्याच्या डॉक्टरकडे.
धाप लागायची तिला, सांतान म्हणाला.
मातीच्या ट्रकांची रांग, तीत तास तास अडकून
धूळ येते कुठून हे शोधत
त्यानं दिसेल ते भोक बुजवलं असणार.
ह्या पापण्यांतून आत काहीच येत नाही, फक्त जातं,
हे त्याला सांगणारं कोण होतं?
धूळ समोरून येत राहिली, पंख्यातून,
आणि पोरीची वाफ पोरीभोवतीच.

मुलगी आता कुठे असते, विचारलं मी. भीतभीतच.
"बाणावली. नर्स."
सांतान पक्कड पुसत होता.
इतकं साधं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

एक पापणी वाकली होती,
ती त्यानं जुन्या ट्यूबची कापून लावली.
दोनशे रुपये. उदबत्तीचे धरले नाहीत.

दार आता एका बोटानं लागतं.
नवऱ्याला वाटतं, रबरानंच झालं.
दुपटं मी तीन पाण्यांतून काढलं,
तिसरी बादलीही लालच.
कोपऱ्यावर बदकं निघाली. पिवळी असावीत.

आज खांडेपारच्या पुलावर काचा सगळ्या वर,
समोरचं लख्ख, कान मोकळे.
तरी उजवा हात दर दोन मिनिटांनी
हँडलकडे जातो,
काच बोटभर खाली करायला.