आर्म

मोठ्या अक्षराने लिहिला तर हात,
लहान अक्षराने लिहिला तर गरीब.
गोडखिंडी सरांनी फळ्यावर दोन्ही लिहिले,
वाशी, सेक्टर सतरा, दुसरा मजला.
खाली झेरॉक्सवाला, वर आम्ही अकरा नर्सा
जर्मनीतल्या म्हाताऱ्यांसाठी तयार होणाऱ्या.

मी वहीत उच्चार देवनागरीत लिहिते.
देवनागरीत मोठं अक्षर नाही.
माझ्या वहीत हात आणि गरीब
एका ओळीवर, एकाच उंचीचे:
आर्म. आर्म.
बोलतानाही कळत नाही म्हणे.
जीभ कुठे अक्षर मोठं करते?

घणसोलीत आप्पा डाव्या हाताने बशीत चहा ओततात.
उजवा खांद्याच्या वर जात नाही.
कांदा-बटाटा मार्केटातली एकतीस वर्षं
त्या सांध्यात थप्पी लावून ठेवलेली.
दाराआड खिळ्याला त्यांचा आकडा,
लाकडी मूठ तळव्याच्या मापाने झिजलेली.

"दोन्ही शब्द एकाच घरचं का?"
नाही आप्पा.
हाताचा शब्द लॅटिनचा भाऊबंद.
तिकडे आर्मुस म्हणजे खांदा,
आणि आर्मा म्हणजे हत्यारं.
गरिबाचा शब्द दुसऱ्याच गावचा.
काही पंडित म्हणतात, पोरकं होण्यातून आला,
आपलं अर्भक त्याच्याच पाळण्यातलं.
नक्की कुणालाच ठाऊक नाही.

आप्पांनी बशीवर फुंकर मारली.
"म्हंजी एका गेटावर दोन टोळ्या.
बिल्ला सारखा, मुकादम येगळा."

सरांना हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

मग तेच म्हणाले, आपल्यात बी हाय की.
कर म्हंजी हात.
कर म्हंजी घरपट्टी, पाणीपट्टी.
कर म्हंजी, ऊठ, काम कर.
आन गावाला जोडला की आडनाव.
"आपण पार्टे. आपल्याला तेवढा कर माफ."
हसताना त्यांचा एकच खांदा हलतो.

पहाटे साडेचारला मोबाइल ओरडतो.
अलार्म हाही त्याच घरातला,
इटलीकडून फिरत फिरत आलेला,
मूळ अर्थ: हत्यारं घ्या.
मी डबा घेते, ओळखपत्र घेते,
शब्दांची चिठ्ठी एप्रनच्या खिशात.
ऐरोलीच्या वॉर्डात सलाइन लावताना
पेशंटला म्हणते, हात द्या काका,
आणि मनात कुठलं अक्षर उमटतं ते बघत नाही.

गृहपाठ: वडिलांबद्दल पाच वाक्यं.
चार सोपी होती. नाव, गाव, वय, चहा.
पाचवं लिहिलं: माइन फाटर हाट आइनेन आर्म.
माझ्या वडिलांना एक हात आहे.
(माझे वडील आर्म आहेत, हे लिहिलं नाही.
व्याकरणात तेही बसलं असतं.)

सर म्हणाले, हात दोन असतात, अनेकवचन करा.
डी आर्मं.
शब्दकोशात पाहिलं तर तिथे पुन्हा दोघं:
डी आर्मं, हात, पुष्कळ.
डी आर्मं, बिचारी, एकटी.
दोन्हींना मोठंच अक्षर.

मी वाक्य बदललं नाही.
वही परत आली तेव्हा
समासात लाल शाईचं प्रश्नचिन्ह होतं,
वरून वाकलेलं, टोकदार,
मूठ तेवढी नव्हती.