टिंबं

लोक नावं ठेवतात,
त्र्यंबककाका नावं घालायचा.
भांडी बाजारात, दुसऱ्याच्या ओट्याखाली,
गोणपाट, एक खिळा, एक हातोडी,
अक्षरामागे दोन पैसे,
काना-मात्रा फुकट.
हे फुकटचं तो म्हातारपणीही सांगायचा,
जणू धंद्यात दिलेली ती पहिली सूट.

शाळा चौथीपर्यंत.
तरी 'कृष्णाबाई' असो की 'ज्ञानेश्वर',
जोडाक्षर कधी अडलं नाही.
अडलं एक साधं नाव:
लग्नाच्या एकवीस भांड्यांवर
सुमतीऐवजी सुमन.
रात्रभर राखेनं घासत बसला,
पण टिंब पुसलं जात नाही, खोलच दिसतं.
सकाळी मुलीचे वडील आले, मागे ती.
तिनं तांब्या उचलला, वाचला,
"राहू द्या, नाहीतरी तिकडे बदलणारच आहेत."
सासरी ती आजही सुमनच आहे.
आणि एकवीस भांड्यांची मजुरी न घेतलेला काका
पुढं पन्नास भाऊबीजा
सिन्नरला तिच्या पाटावर बसला.

ओट्याखालून ओट्यावर यायला
नऊ वर्षं लागली.
मधे तीन बहिणींची लग्नं,
माझ्या वडिलांचं पॉलिटेक्निक,
आजोबांचं गुडघ्याचं औषध,
आणि वेणूकाकूनं विकलेल्या दोन पाटल्या,
ज्यांचा हिशेब तो कधी बोलला नाही,
फक्त दुकानाची किल्ली रोज रात्री
तिच्याच हातात द्यायचा.

मग अंबडला शेड.
कुकरच्या शिट्ट्या, झाकणं, दांडे.
पहिल्या दिवशी अकरा कामगार,
त्यानं अकरा डबे मागवून घेतले
आणि मशीन सुरू करण्याआधी
प्रत्येकाचं नाव घातलं.
"डब्यांची अदलाबदल झाली की भांडणं होतात,"
एवढंच म्हणाला.
पुढं एकशे चाळीस झाले.
चिडका होता. चहा सांडला तरी ओरडायचा.
निरंजननं लेझरचं मशीन आणलं तेव्हा
पोटच्या पोराशी दोन महिने बोलला नाही.
एका रविवारी मात्र स्वतःच कुलूप काढून
एक पेला खाली धरून पाहिला.
"अक्षर चांगलं येतंय," म्हणाला,
"पण आवाज नाही."

गोदेला पूर आला त्या वर्षी
पाणी सराफ बाजार ओलांडून आत शिरलं.
घराघरांतले हंडे, परातीही वाहून गेल्या,
ओसरल्यावर गंगाघाटावर चिखलात ढीग.
कुणाचं काय, कुणालाच कळेना.
काका शेड बंद ठेवून आला,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
एकेक भांडं धोतराच्या चिंधीनं पुसत,
"हे नागचौकातल्या भामाबाईंचं.
हे पोफळ्यांचं, थोरल्या सुनेचं.
हे... थांबा, यातला 'र' माझाच आहे,
माझा 'र' थोडा वाकतो."
तीन दिवस.
चौथ्या दिवशी एक पातेलं उरलं, बिननावाचं.
ते त्यानं समाजाच्या कार्यालयात दिलं.
तेव्हापासून कुणाच्याही बारशाला,
कुणाच्याही तेराव्याला
तेच पातेलं जातं, परत येतं,
कधी एखादी डावली जास्त घेऊन.

कार्यालयाच्या नव्या इमारतीवर
त्याचं नाव द्यायचं ठरलं.
संगमरवराचा नमुना दाखवायला चौघे आले.
काकानं अक्षरं मोजली.
"एवढ्याचे किती घेतो तो?"
आकडा ऐकून म्हणाला,
"त्यात पाण्याची टाकी होईल."
टाकी झाली. गळते.
त्याच्यासमोर कुणी तसं म्हणालं नाही.

तो गेला त्या संध्याकाळी
मी स्वयंपाकघरात उगाच उभी होते.
माझ्या बारशाची वाटी फळीवरून काढली.
पुढं माझं नाव, वाकडा 'र' असलेलं.
सहज उलटी केली.
बुडाशी एकच टिंब, एकटं.
नाव घालण्याआधी खिळा पारखायला
तो तळाशी एक ठोका मारायचा,
हे मला ठाऊक होतं.
तरी मी काकूला हाक मारली.
तिनं चष्मा न लावता
बोट फिरवलं, तिथंच थांबवलं,
आणि म्हणाली,
"वाटी फळीवर ठेव. ओली ठेवू नकोस."