दोर खाणारी

स्ट्रेन क्रमांक अकरा.
सापडली कुठे: मांडवी खाडी, वेंगुर्ले,
आंतोन डिमेलोच्या होडीच्या काथ्याच्या दोरावर.
गाठ सुटली नव्हती.
दोर आतून पिठूळ होऊन तुटला
आणि होडी रात्रीत ओहोटीबरोबर गेली.

आता मी तिला सोडणांचा भुसा घालते,
मोजून पाच ग्रॅम,
वर चिमूटभर गव्हाचा कोंडा, लालूच म्हणून.
अठ्ठावीस अंशांवर रुसते.
बत्तिसावर अंगभर हिरवी होते,
पण हातचं काही सोडत नाही.
तीस. ओल शंभरात पासष्ट. आंबटपणा पाच.
सातव्या दिवशी अर्क पिळला,
नळी उकळत्या पाण्यात धरली
तेव्हा पिवळ्याचं विटकरी झालं:
धागा तुटला, साखर झाली.
आठव्या दिवशी पुन्हा फिकं.

परवा आंतोन आला सोडणांचं पोतं घेऊन,
चपला दाराबाहेर.
फ्लास्ककडे बघत राहिला.
"हीच ती?"
हीच.
"आणि हिका तुमी भरवतास?"

मी आकडे सांगितले, तीस, पासष्ट, पाच.
चौदा महिने लागले, म्हटलं.
तो हसला.
"माज्या दोराक ह्यां सगळा
धक्क्याखाली फुकट गावला."

पोत्याचे पैसे घेतले, दोनदा मोजून.
जाताना वळून विचारलं,
नायलॉन खाता काय ही?

नाही, म्हटलं.

बराच वेळ चपला शोधत राहिला,
त्या तिथेच होत्या.